मराठीत नापास

माझ्या आवाजाची वळख आधी करून देतो, माझी मागनं. बेळगावात खासबागेत मी अर्धं आयुष्य यंत्रमागावर काढलंय. वीसभर माग एका पत्र्याखाली धडाधडा चालत असत्यात. तिथं शेजारच्याला 'चहा आला' सांगायचं तरी बेंबीच्या देठापास्नं ओरडाय लागतंय. ती सवय घरीपण संगट येत्या. मी जेवताना मीठ मागितलं की गल्लीत कुणीतरी दार उघडून बघतंय, भांडण लागलं का काय म्हणून. अनगोळात आमच्या गल्लीपास्नं माझ्या घरातलं काहीसुदिक लपून ऱ्हायलेलं न्हाय.

नाव प्रेमानंद. आता घरातली शिक्षणाची परिस्थिती सांगतो, म्हंजे माझी लायकी तुमच्या ध्यानात येईल. धाकटा भाऊ नागेंद्र निपाणीला बँकेत अधिकारी. बहीण प्रियदर्शनी कॉलेजात शिकवत्या. बायको मंगल दहावीला फर्स्ट क्लास. मुलगी अक्षरा पीयूसीला, म्हंजे अकरावीला, सायन्स घेऊन. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, सुटाबुटातला, हातात पुस्तक धरलेला. आणि त्या फोटोखाली चटईवर आडवा पसरलेला मी, दहावी नापास.

लोकं मनानं लई चांगली असत्यात. म्हणत्यात, प्रेमाअण्णानं भावाबहिणीसाठी फुडचं शिक्षण सोडलं आणि मागावर उभारला. ऐकायला मलाबी बरं वाटतंय, म्हणून मी ते कधी खोडून काढलं न्हाय. खरं असं की गणितात मला अकरा मार्क पडलेते आणि परत त्या वर्गात बसायची लाज वाटली. भावाबहिणीला शिकवलं ते आमच्या आईनं, तानीबाईनं, बांधकामावर पाट्या उचलून. मी आपला मधनंआधनं पगार दिला, तोबी तिनं दोनदा मागितल्यावर.

आईला स्वतःला अक्षर येत न्हाय, अंगठा लावत्या. बोलताना आमच्याकडच्या बायांसारखी 'मी करतो, मी जातो' म्हणत्या. पण तिन्ही पोरं शिकवायचीच, असं तिनं मनात धरलंतं, आणि त्यात मी एकटा गळालो. ते तिला सोसलं न्हाय. मग तिनं सरळ खोटं बोलाय सुरुवात केली. कुणी इचारलं, थोरला किती शिकलाय, की 'म्याट्रिक' म्हणून मोकळी. माझं लग्न ठरवताना सुदिक हेच सांगितलंतं. मंगलला लग्नानंतर खरं कळलं. ती नुसती हसली, आणि ते हसणं अजून चालू हाय.

हे खोटं तसंच म्हातारं होऊन मेलं असतं. पण आमच्या समाजमंदिराची एक कमिटी हाय आणि तिचे अध्यक्ष आण्णाप्पा म्हणजे उत्साहाचा कारखाना. दरवर्षी पास झालेल्या पोरांचा गुणगौरव करत्यात. अक्षराचा सत्कार झाला, त्याच कार्यक्रमात आण्णाप्पांनी स्टेजवरनं जाहीर करून टाकलं, फुडल्या वर्षी तानीबाईंना आदर्श माता पुरस्कार देणार, आणि तिन्ही मुलांचं शिक्षण वाचून दाखवणार. टाळ्या पडल्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी ताटावर बसल्यावर मला हळूच म्हणाली, "प्रेमा, वर्सभर हाय. तेवढं म्याट्रिक होऊन टाक."

बाजारातनं कोथिंबीर आणायला सांगावी तसं सांगितलं तिनं. पण भर सभेत आईचं खोटं उघडं पडणार, ते माझ्यापायी. मी व्हय म्हटलं.

समाजमंदिरात सांजचं निवृत्त मास्तर मारुतीराव कामगारांचा वर्ग घेत्यात, फुकट. त्यात जाऊन बसलो. मागावर बातमी पोचली, म्हंजे मीच पोचवली, माझ्या आवाजात गुपित कसलं ऱ्हातंय. सगळे इचाराय लागले, ह्या वयात शिकून डीसी म्हंजे कलेक्टर होणार काय? मी ज्याला त्याला येगळं कारण सांगितलं. एकाला शिपायाच्या जागेचं, एकाला लायसनचं. मालकाला म्हटलं, जरा हिशेब कळाय लागंल. त्या दिवसापास्नं मालक माझ्याशी लई आदरानं बोलाय लागला.

मारुतीराव सरांनी पयल्या दिवशी प्रत्येकाला एकच इचारलं, शिकायचं कशासाठी? धुणीभांडी करणारी जयाबाई म्हणाली, पोराचे मास्तर काय बोलत्यात ते कळाय पायजे. मी म्हटलं, सर्टिफिकेटासाठी. सर म्हणाले, सर्टिफिकेट भिंतीला लागंल, तू काय करशील? दहावीचा पयलाच प्रश्न, आणि त्यातच मी गारद.

वर्स सरलं आणि परीक्षा आली. पयला पेपर मराठीचा. हॉलमधी मिसरूड न फुटलेली पोरं, आणि मधी मी, बाकात गुडघं अडकलेला. मारुतीराव सरांनी सगळं शिकवलंतं, फकस्त एक सांगायचं ऱ्हायलंतं, की पेपर मनात वाचायचा असतोय. वर्गात आमी सगळे मोठ्यानंच वाचायचो. आणि मागावर आपला आवाज आपल्याला ऐकू आला न्हाय, तर आपण बोललो असं वाटतच न्हाय. मी प्रश्न वाचला मोठ्यानं. उत्तर जुळवलं मोठ्यानं. लिवलं तेबी मोठ्यानं. सगळा हॉल खाली मान घालून भराभरा लिवत व्हता. मला वाटलं, काय हुशार पोरं हाईत. मागचा पोरगा म्हणाला, "काका, तिसरं जरा सावकाश सांगा."

पर्यवेक्षक बाईंनी दोनदा दम दिला. तिसऱ्यांदा पेपर काढून घेतला आणि मला भाईर बसवलं. बाकीचे पेपर केंद्रप्रमुखांनी मला एकट्याला सायन्सच्या प्रयोगशाळेत द्यायला लावले. चारी बाजूला बरण्यांत बेडूक आणि साप. त्यांनी माझी कॉपी केली असली तर मला म्हाईत न्हाय.

निकाल लागला. गणितात काठावर का हुईना, पास. इंग्लिश पास, विज्ञान पास, समाज पास. कन्नडात तर चांगले मार्क. मराठीत नापास. आता तुमीच बघा. ज्या बेळगावात दुकानाच्या एकेका पाटीवरनं आमची कन्नड-मराठी भांडणं लागत्यात, तिथं हा घरीदारी मराठीत बोंबलणारा मनुष्य कन्नडात पास आणि मराठीत नापास. मागावरच्या कन्नड दोस्तांनी मला हार घालून फिरवलं. मराठी दोस्तांनी दोन दिवस माझ्याकडं बघितलं न्हाय.

कर्नाटकात दहावीच्या वर्साला तीन परीक्षा असत्यात; गुणगौरवाच्या आधी दुसरी व्हती आणि माझा एकच पेपर ऱ्हायलाता. अक्षरानं माझा ताबा घेतला. म्हणाली, पप्पा, ओठ मिटा आणि मनात वाचा. मी म्हटलं, मनाला कुठं तोंड असतंय? तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि धडा फुड्यात धरला. पयले कितीतरी दिवस डोक्यात नुसता मागांचा खडखडाट. ओळी फुडनं जायच्या, आत काय शिरायचं न्हाय. मी चिडायचो, पुस्तक भिरकावायचो, ती शांतपणानं उचलून आणायची. पोरगी आज्जीवर गेल्या.

मग एका सांजला, ओठ मिटलेले असताना, मला धडा ऐकू आला. आवाज माझाच व्हता, पण ओरडत नव्हता. सावकाश, नीट बोलत व्हता. आपल्याला असलाबी आवाज हाय हे मला एवढ्या वर्सांत म्हाईत नव्हतं. डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला बोलू. अक्षराला वाटलं, धडा अवघड हाय.

दुसऱ्या परीक्षेला मी तोंडाला कुलूप लावून बसलो. त्याच बाई पर्यवेक्षक. माझ्याजवळच खुर्ची टाकून बसल्या. अक्षरानं बजावलंतं, आधी उतारा सोडवा, त्याचे मार्क सोपे असत्यात. मी उतारा काढला. एक बाई रस्त्याच्या कामावर खडी उचलत्या. तिचं बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत हाय. शिट्टी होत्या, ती पाटी डोक्यावर घेत्या, चार पावलं जात्या आणि मागं वळून बघत्या. उतारा संपला. खाली प्रश्न, बाईने मागे वळून का पाहिले? दोन वाक्यांत उत्तर लिहा.

मी उतारा परत वाचला. आणखी एकदा वाचला. आत सगळं गप्प झालं. ती बाई माझी आई व्हती आणि झोळीत मी व्हतो. हे दोन वाक्यांत कसं लिवायचं? मी लिवाय लागलो. बाळाच्या ओढीनं बघितलं, हे तर हायच. पण बाळ जागं असलं तर मुकादमाला काय सांगायचं, हेबी तिला ठरवाय लागत असणार. मुकादम कसा असतोय ते लिवलं. पाटी कशी असत्या ते लिवलं. तिचे हात, तिच्या टाचा. पुरवणी मागितली, ती भरली, दुसरी मागितली. बाई सुदिक कौतुकानं बघाय लागल्या. घंटा झाली तवा मी घामानं भिजलोतो आणि आयुष्यात एवढा खूष कधी झालो नव्हतो.

गेटवर अक्षरा उभारली व्हती. निबंध कुठला घेतला, म्हणाली. मी म्हटलं, कसला निबंध? ती म्हणाली, कविता? व्याकरण? पत्र? मी तिला उताऱ्याचं उत्तर सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली.

"पप्पा, त्याला दोन मार्क हाईत. दोन."

निकालात काय असणार ते आईला सांगायचं मंगलनं माझ्यावर सोपवलं, शाणी बाई हाय. मी सांगितलं, आई, परत मराठीतच. काय लिवलंतंस, एवढंच तिनं इचारलं. मी सगळं सांगितलं, झोळीपास्नं टाचांपर्यंत. वाटलं, आता रडंल, आता शिव्या घालंल. तिनं उठून दिव्याचं बटण दाबलं आणि भाकरी थापाय घेतली.

निकाल तसाच लागला आणि गुणगौरव आला. नागेंद्र निपाणीसनं आला, प्रियदर्शनी आली. मी मागं खांबाला टेकून उभारलोतो, पळायला बरं पडावं म्हणून. स्टेजवर आईच्या गळ्यात हार पडला आणि आण्णाप्पांनी कागद काढला. धाकट्याचं वाचलं, बहिणीचं वाचलं. मग आईच्या जुन्या सांगण्यावरनं म्हणाले, थोरले चिरंजीव प्रेमानंद, म्याट्रिक.

आईनं त्यांच्या हातातला माईक घेतला. जन्मात तिनं माईक धरलेला न्हाय, उलटाच धरला, कुणीतरी सरळ करून दिला.

"थोरला नापास हाय," ती म्हणाली. "दोनदा. मराठीत."

सगळा मांडव हसाय लागला. आई हसणं संपूस्तर थांबली.

"तीस वर्सं मीच खोटं सांगत आलतो. त्या पेपरात त्यानं माझं लिवलंय. माझं कुणी कधी लिवलं नव्हतं. म्हणून आज खरं सांगतो, नापास हाय."

टाळ्या पडल्या का न्हाय मला आठवत न्हाय, मी खांबाला धरून पोरासारखा रडत व्हतो, आणि माझं रडणं म्हंजे तुमाला कल्पना हाय, आण्णाप्पांना कार्यक्रम थांबवाय लागला.

दुसऱ्या दिवशी अक्षरानं तिसऱ्या परीक्षेचे पैसे भरले आणि ताकीद दिली की ह्या येळी उतारा शेवटी. मी दमून चटईवर बसलोतो. आई जवळ आली आणि म्हणाली, ते लिवलेलं वाचून दाखव. मी म्हटलं, पेपर बोर्डात गेला, त्यो परत मिळत न्हाय.

"मग परत लिव की. आता कोण घंटा मारतंय?"

अक्षराच्या जुन्या वहीची कोरी पानं काढली आणि बसलो. शिट्टी झाली, पाटी उचलली, बाईनं मागं वळून बघितलं, मुकादमाच्या भ्यानं, बाळाच्या ओढीनं. आईला वाचून दाखवलं. ती मान हलवाय लागली.

"कसला मुकादम आणि कसली ओढ. झोळीत तुझ्या पायापाशी माझी भाकरी बांधलेली असायची. कुत्री ओढून न्यायची ती, म्हणून बघायचो. तुला कोण नेतंय रं?"

मी ते पान खोडलं आणि पयल्यापास्नं लिवाय घेतलं.