दुष्फेन पाणी आणि वालाचं बिरडं

घराची वाटणी झाली तेव्हा विहीर थोरल्या जाऊबाईंच्या वाट्याला गेली, आणि त्या दिवशी मी मनातून खूश होते. माझं माहेर शहापूरचं. नळ सोडला की पाणी येतं, एवढंच पाण्याबद्दल मला लग्नापर्यंत ठाऊक. मुरबाडकडच्या या गावात आले आणि घरामागच्या उतारावरून कमरेवर कळशी घेऊन चढताना रोज माझी अर्धी साडी भिजायची. थोरली मात्र डोक्यावर हंडा, कमरेला कळशी आणि वर तोंडाने माझ्याशी गप्पा मारत चढायची. तिचा पदरसुद्धा ओला होत नसे.

वाटणीला बसलेल्या मंडळींपैकी कुणीतरी विचारलं, "धाकट्यांच्या पाण्याचं काय?" मी दाराआडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आम्ही बोअर मारू. मला नाही विहिरीवर जायचं." हे वाक्य पुढे मला कित्येक वर्षं नडलं.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. आमच्या आळीत तोवर कुणाच्या अंगणात बोअर नव्हती. गाडी आली, सगळी आळी बघायला जमली. आधी तांबडी माती उडाली, मग मुरूम, मग काळा पाषाण लागला आणि त्याचं करडं पीठ तुळशीवर, भांड्यांवर, माझ्या केसांवर बसलं. त्या चिखलात पांढरे चकचकीत खडे सापडले. मी शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, म्हणून ते धुऊन शाळेच्या कपाटात ठेवले. पाणी लागलं तेव्हा नारळ फोडला. थोरली आली, ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "गार हाय गो." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. तिने चवीबद्दल बोलायचं टाळलं, हे मला फार उशिरा कळलं.

वाटणीत सासूबाईंचं जेवण ठरलं होतं: एक महिना थोरलीकडे, एक महिना आमच्याकडे. सासूबाईंचा जीव वालाच्या बिरड्यात. भातकापणी झाली की शेताच्या उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल पेरतात, आणि तो वाल वर्षभर पुरवून खातात. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. घरातल्या बायकांची बोटं त्या दिवशी पिवळट दिसतात. माझ्या पहिल्याच महिन्यात मी हौसेने बिरडं केलं. कांदा, लसूण, घरचा मसाला, वर खोबरं. वाल शिजेनात. झाकणात पाणी ठेवून तासभर चुलीवर ठेवलं. वाल आपले टणक. शेवटी कुकर काढला आणि पुढे पुढे शिट्ट्या मोजायचंही सोडून दिलं.

सासूबाईंनी दोन वाल तोंडात घातले, बराच वेळ इकडून तिकडे फिरवले आणि म्हणाल्या, "नाय शिजले गो." मग वाटी उचलली, अंगण ओलांडलं आणि थोरलीच्या दारात गेल्या. थोरलीकडेही त्या दिवशी वालच होते. एकाच शेतातले, एकाच कणगीतले, वाटणीत मापाने अर्धे-अर्धे करून घेतलेले. सासूबाई तिच्या ओट्यावर बसून बोटाने वाल दाबून भातात कालवत होत्या, आणि मी माझ्या दारातून बघत होते.

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. सासूबाईंनी माझ्या महिन्यात माझ्या घरी पोटभर जेवावं, आणि वाटी घेऊन ते अंगण ओलांडू नये.

आळीत मात्र निकाल लागून गेला होता. थोरलीच्या हाताला गुण आहे. धाकटी मास्तरीण आहे, तिला घाई असते. सासूबाई हे माझ्या तोंडावर म्हणायच्या, त्यात डाव काही नसायचा, म्हणून भांडताही यायचं नाही. थोरलीने फुशारकी मारली असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती बाई काहीच बोलायची नाही. "होतंय गो, सवयीनं होतंय," एवढंच म्हणायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वाल न शिजण्याचं कारण माझ्या लक्षात यायला तसा उशीरच झाला. पातेल्यांच्या बुडाला पांढरी खपली धरायला लागली होती. चहावर साय नसताना साय आल्यासारखा पापुद्रा यायचा. साबणाची वडी झिजायची आणि फेसाच्या जागी करडा गाळ तरंगायचा. केस न्हाल्यावरही चिकट. नववीच्या वर्गात मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे: सुफेन पाणी, साबणाचा फेस होतो ते; दुष्फेन पाणी, होत नाही ते. एके दिवशी लिहिता लिहिता खडू हातातच राहिला. माझ्या घरचे वाल मी फळ्यावर लिहीत होते.

मग दोन बाटल्या भरल्या, एक विहिरीची, एक बोअरची, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांत ओतून, साबणाचं पाणी थेंब थेंब टाकून हलवून बघितलं. विहिरीच्या नळीत लगेच फेस उभा राहिला. बोअरच्या नळीत गाळ झाला, फेस नाही. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नसेल.

विहीर उथळ, मुरमातली. तिच्यात येतं ते याच वर्षीच्या पावसाचं पाणी. ते मातीतून उतरतं, मुरमातून पाझरतं, फार कुणाशी ओळख न करता विहिरीत येऊन बसतं. बोअरचं पाणी खालचं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होतं, आणि ते पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत जाताना दगडातला चुना आणि मॅग्नेशियम उचलतं. ते पांढरे खडे मी कपाटात शोभेला ठेवले होते, त्यातलाच चुना माझ्या पातेल्यात उतरत होता. असल्या पाण्यात वाल घातले की चुना त्यांच्या पेशींच्या भिंती घट्ट धरून ठेवतो. मग खाली कितीही जाळ घाला.

हे सगळं मी संध्याकाळी ओट्यावर, नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर, दोन बाटल्या आणि साबणाचा चुरा घेऊन सिद्ध करून दाखवलं. थोरलीच्या हाताचा यात काहीही संबंध नाही, हे शेवटचं वाक्य मी जरा मोठ्याने म्हणाले. तिचं दार उघडं होतं.

सासूबाई फेसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फेस खायचा हाय का?"

नवरा हसला. त्या दोघांची ताटं मी त्या रात्री आदळतच वाढली.

तुम्ही म्हणाल, एक कळशी विहिरीवरून आणायची होती. थोरलीने स्वतः सांगितलं होतं, "वालापुरती नेत जा गो एक कळशी, तुजीच हाय विहीर." पण दाराआडून बोललेलं वाक्य सगळ्या मंडळींनी ऐकलेलं. आणि समजा नेली असती, वाल लोण्यासारखे शिजले असते, तर सासूबाई काय म्हणाल्या असत्या? थोरलीच्या पाण्यावर शिजले. म्हणजे तिचं नाव माझ्या पातेल्यातही आलं असतं. नको.

त्यापेक्षा मी खायचा सोडा घातला. वाल शिजले, इतके शिजले की त्यांचा गाळ झाला, आणि वासाने सासूबाईंनी झाकण काढायच्या आधीच ओळखलं. "सोडा घातलास. पोट फुगंल माजं." वाटी उचलली, निघाल्या.

मग मी केलं ते आजही आमच्या घरात हसायला काढतात. माहेरी गेले होते, परत येताना शहापूरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. आईला सांगितलं, शाळेत प्रयोगाला हवंय. एसटी बदलत, मग जीपमध्ये मांडीवर घेऊन, शेजारच्या बाईच्या पिशवीवर सांडत तो कॅन मी गावाला आणला. जीपवाल्याने विचारलं, "गंगा हाय काय मॅडम?" मी हो म्हटलं. त्या पाण्यात वाल सुरेख शिजले. दाणा अख्खा, बोटाने दाबला की पीठ. मी ताट वाढलं आणि समोर बसले. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या.

"यात औषद हाय. दवाखान्यासारका वास येतोय."

क्लोरीन. मी पाणी उकळलं होतं, तरी त्यांच्या नाकाने काढलाच. त्यांनी तो घास गिळला आणि ताट हळूच पुढे सरकवलं. अंगणातून जाताना थोरलीने त्यांना आवाज दिला, "आई, आज मसूर केलाय, चालंल का?" "चालंल गो," त्या म्हणाल्या. माझे सुरेख शिजलेले वाल टाकून त्या मसूर खायला गेल्या. हेव्याने माणूस आजारी पडतं असं म्हणतात. मी पडले. खरोखर ताप आला, आणि तापात थोरलीनेच पेज करून आणली. ती पेज चांगली होती, हे लिहितानाही मला त्रास होतो.

अशी वर्षं गेली. मुलं मोठी झाली, शाळेत नवी प्रयोगशाळा आली, गावाच्या फाट्यावर जीपा वाढल्या. जेवणाच्या वाटणीतला महिना चुकला नाही आणि वाटीही चुकली नाही. मी बिरडं करणं सोडून दिलं होतं. माझ्या महिन्यात सासूबाई मासे आवडीने खायच्या, भाकरी खायच्या, पण वाल तिकडेच. दोन हजारचं साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात विहीर आटली. तशी ती दर वैशाखात खाली जायची, पण त्या वर्षी तळाचा खडक दिसला. मुरमातलं पाणी जसं लवकर येतं तसं लवकर जातंही. खालच्या पाषाणातलं माझं पाणी मात्र जागच्या जागी होतं.

सकाळी थोरली हंडा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "देतेस का गो थोडं?"

मी स्वतः मोटर चालू केली. हंडा भरला, कळशी भरली, म्हटलं, आणखी एखादं भांडं आण, लाजू नकोस. इतक्या मोकळ्या हाताने मी आयुष्यात कुणाला काही दिलं नसेल. महिना तिचा होता. आणि आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर मी फडक्यात बांधलेले मोडाचे वाल बघितले होते.

दुपारपर्यंत मला शिवणकामात, पेपर तपासण्यात, कशातच लक्ष लागेना. तिच्या चुलीचा धूर नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता. मी तो खिडकीतून बघत होते. एकदा तिने लाकूड आणायला बाहेर येऊन कपाळ पुसलं. मला गाणं म्हणावंसं वाटलं. जेवणाची वेळ झाली तशी मी ताकाचं भांडं घेतलं आणि अंगण ओलांडलं.

सासूबाई ताटावर बसल्या होत्या. समोरचे दात एव्हाना गेलेले. त्या एकेक वाल तोंडात घालून, गालात फिरवून, हिरड्यांनी चिरडत होत्या. न चिरडलेले ताटाच्या कडेला नीट ओळीने काढून ठेवत होत्या. थोरली बाजूला बसून पदराशी चाळा करत होती. तिचं तोंड उतरलेलं.

"नाय शिजले ना आई," ती म्हणाली. "किती जाळ घातला. राहू द्या, मी पिठलं करते चटकन."

मी भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता. आता त्या म्हणतील की पाणी वाईट आहे, आता धाकटीच्या दोन बाटल्या आठवतील. मी माझं तोंड शक्य तितकं साधं ठेवलं होतं.

"कशाला पिठलं?" सासूबाई म्हणाल्या. "मोप चांगले झालेत. जरा दाताला काम."

"दात कुठं हायत तुमाला?"

दोघी हसल्या. सासूबाईंना तर ठसका लागला. थोरलीने पाणी दिलं, माझ्या बोअरचं, आणि पाठीवरून हात फिरवला. मग सासूबाईंनी डोळे पुसले, ताट तिच्यापुढे केलं आणि म्हणाल्या, "घाल अजून."

माझ्याकडे बघून त्यांनी बसायला सांगितलं, जेवायलाही विचारलं. मी म्हटलं, झालंय माझं.

घरी आले तर नवरा दारातच होता. त्यालाही सकाळपासून ठाऊक होतं, माझं लक्ष कुठे आहे ते. "काय, शिजले का?" त्याने विचारलं.

"नाही शिजले."

"म्हणजे तुझंच खरं निघालं की. पाणीच होतं ते."

मी हो म्हटलं. मग पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला आणि बराच वेळ एकच उत्तरपत्रिका तपासत राहिले. पाणी काय, अख्खी विहीर मागितली असती तरी थोरलीने दिली असती. सासूबाईंनी तिच्याकडे ते कच्चे वाल दुसऱ्यांदा मागून घेतले, हे मात्र मी नवऱ्याला सांगितलं नाही.