अर्ध्या फळीवर

हरिबातात्यांना मी माळावर कधी बसलेलं पाहिलं नाही. आम्ही शिकाऊ लोक सतरंजीवर पाय पसरून डबे उघडायचो, तेव्हा तात्या जीपच्या बॉनेटवर भाकरी ठेवून उभ्यानं जेवायचे. चहा उभ्यानं, तंबाखू उभ्यानं. "तात्या, टेका की जरा," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं असे. "बसलं की उठायला लागतंय साहेब. त्यापरीस उभं बरं." आम्हाला तो त्यांचा विनोद वाटायचा. तो विनोद नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

मी त्या माळावर गेलो तो दमून गेलो. अमरावतीहून पुण्यात आलो तेव्हा आयटीतला मुलगा म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नसत. पुढे खराडीतल्या एकाच कंपनीत पंधरा वर्षं गेली. दिवसाचे बारा तास खुर्ची, त्यातले तीन तास परदेशातल्या माणसांना 'उद्या नक्की होईल' असं सांगण्यात. उद्या काय होणार हे त्यांनाही माहीत असायचं आणि मलाही. रजा घेतली तरी ती झोपण्यात जायची आणि उठल्यावर आणखी दमल्यासारखं वाटायचं. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरी असता तेव्हासुद्धा ऑफिसात बसल्यासारखे बसता." त्याच आठवड्यात कॅन्टीनच्या भिंतीवर पॅरामोटर शिकवण्याची जाहिरात दिसली. मला उडायची हौस वगैरे काही नव्हती. फोन उचलता येणार नाही अशी एखादी जागा हवी होती, इतकंच.

पॅरामोटर म्हणजे पाठीवर बांधायचं पंचवीस-तीस किलोचं इंजिन, त्याच्या मागे जाळीच्या कड्यात फिरणारा पंखा, आणि दोऱ्यांनी जोडलेलं लांबलचक कापडी छत. छत मागे जमिनीवर पसरायचं आणि पळत सुटायचं. ते डोक्यावर आलं की इंजिन वाढवायचं, आणखी पळायचं, आणि पाय जमिनीवरून सुटले की मगच पट्ट्यांच्या आसनात बसायचं. ऐकायला एवढंच आहे. शिकवायला पेंडसे सर होते, सैन्यातून निवृत्त झालेले आणि राहायला शनिवार पेठेत. पहिल्याच रविवारी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वानखेडे, उडणं सोपं आहे. तुमची अडचण पळण्यात येणार."

सरांचं सगळं सामान गुलटेकडीच्या एका गोदामात असे. तिथून ते जीपमध्ये चढवायचं, सासवडकडच्या माळावर उतरवायचं आणि शिकाऊ माणसाच्या पाठीवर इंजिन बांधून त्याला उभं करायचं, हे तात्यांचं काम. त्याआधी तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची पोती वाहिली होती. साठी ओलांडलेली, अंगावर मांस नाही, मान मात्र झाडाच्या बुंध्यासारखी. माळावर येतानाही खांद्यावर गोणपाटाची घडी असायचीच.

मी तीन महिन्यांत दोन पंखे मोडले. दोन्ही वेळा एकाच चुकीनं. छत नीट वर यायचं, इंजिन जोर धरायचं, आणि अंग जरा हलकं झाल्यासारखं वाटलं की मी बसायचो. पाय अजून जमिनीवरच असायचे. मग सगळं धूड मातीत आणि पंख्याचे तुकडे. दुसऱ्या वेळी पेंडसे सर सावकाश चालत आले आणि म्हणाले, "अहो, बसायचे पैसे तुम्हाला ऑफिसात मिळतात ना? मग इथे का बसता?" आणखी एक पंखा मोडला तर शिकवणं बंद, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. तुम्हाला धोका आणि मला घोर, म्हणाले.

मी जीपमागे जाऊन उभा राहिलो. चाळिशीला आलेला माणूस, पण डोळे भरून आले होते. हेही सुटलं तर सोमवार ते रविवार नुसती खुर्चीच उरणार होती. तात्या तुटका पंखा गोळा करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमचा दोष न्हाई साहेब. तुमचं ढुंगण खुर्ची हुडकतंय. सवय हाय ती. सवयीला सवयच मारती."

पुढच्या रविवारी त्यांनी एका पोत्यात अर्ध्यापर्यंत वाळू भरून आणली. आपली गोणपाटाची घडी माझ्या पाठीवर टाकली, वर पोतं ठेवलं आणि म्हणाले, "चला, त्या बाभळीपतुर." मी वाकून निघालो. "वाकायचं न्हाई. वाकला की ओझं मानंवर बसतंय. पुढं बघा. ओझं पाठीला न्हाई सांगायचं, पायाला सांगायचं." बाभळ फार लांब नव्हती, पण मी मधे तीनदा थांबलो. तेव्हा त्यांनी मला फळीचं सांगितलं. ट्रक भरताना जमिनीपासून ट्रकापर्यंत एक लाकडी फळी लावतात. पाठीवर पोतं घेऊन तिच्यावरून चढायचं. फळी मधोमध लवते आणि तिथेच माणसाला वाटतं, क्षणभर थांबावं. "अर्ध्या फळीवर जो थांबला त्यो गेला. दम लागू द्या, डोळ्याम्होरं अंधारी येऊ द्या. थांबायचं ट्रकात. मधी न्हाई."

दर रविवारी मी वाळू वाहत होतो. बाकीचे हसायचे. तात्या शेजारून चालायचे. एकदा मी विचारलं, "तात्या, तीस वर्षं हे केलंत, दमला नाहीत?" ते म्हणाले, "दमलो की. रोज दमलो. दमलो म्हणून सांगायचं कुणाला? सांगून पोतं हलकं हुतंय का?"

एका रविवारी मी जीपची वाट न बघता माझ्या गाडीनं लवकर पोचलो. जीप आधीच आली होती. पेंडसे सर वारा बघायला टेकाडावर गेले होते. तात्या जीपच्या मागच्या चाकाशी जमिनीवर पडलेले होते. हात चाकाला, पाय ताणलेले, चेहरा मातीचा झालेला. मी धावलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "उचलू नका. आपोआप येतंय. टाईम लागतो." दहा मिनिटांनी आधी एक गुडघा, मग दुसरा, मग चाकाला धरून मान, असे ते उठले. कमरेचे मणके कधीच गेले होते. डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं होतं. खाली बसलं की आधाराशिवाय उठता येत नव्हतं, म्हणून ते बसत नव्हते.

"सरांस्नी बोलू नका," ते म्हणाले. आवाजात विनवणी नव्हती, नुसता थकवा होता. "त्ये वाईट न्हाईत. पण कळलं की घरी बसा म्हणत्याल. घरात सून म्हणती आराम करा, पोरगा म्हणतो आराम करा. आराम करून माणूस मरतंय साहेब."

मी सरांना बोललो नाही. पण त्या दिवसापासून तात्यांना माझं इंजिन उचलू दिलं नाही. इंजिन जमिनीवर ठेवून, त्यात बसून पट्टे बांधायचे आणि ते घेऊन एकट्यानं उठायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. जसे ते चाकापाशी उठले होते तसंच. "आधी गुडघा. मंग मान वर. मंग श्वास. श्वास आधी सोडला तर संपलं." माझं बघून इतर दोघंही तसं करायला लागले. तात्या नुसते शेजारी उभे राहायचे, हात पुढे करून, जणू काही त्यांनीच उचललं.

डिसेंबरातल्या एका सकाळी वारा अगदी बेताचा होता. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पळालो. छत वर आलं, इंजिन ओरडायला लागलं, अंग हलकं झालं, आणि माझ्या कमरेला ती जुनी ओढ लागली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. पण डाव्या बाजूला तात्या दिसले. त्या कमरेनं ते माझ्या बरोबरीनं पळत होते आणि तळहात वर करकरून एकच खूण करत होते. बसू नका. मी पळत राहिलो. छातीत कळ आली तरी पळत राहिलो. मग कधीतरी पायांना पुढचं पाऊल टाकायला जमीनच लागली नाही. मी आणखी चार-पाच पावलं हवेतच टाकली, आणि मग बसलो.

वर मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. वर मला विसावा मिळाला. खाली घाटाचा रस्ता, शेतांचे चौकोन, आणि माळावर एकटे उभे असलेले तात्या, कमरेवर हात ठेवून वर बघत. त्या क्षणी मला त्यांच्याइतकं जवळचं कुणी वाटलं नाही.

पुढे सरांनी चाकांवर धावणारं, दोघांना नेणारं पॅरामोटर घेतलं. त्यात पळावं लागत नाही, नुसतं बसायचं. मी म्हटलं, "तात्या, एकदा चला वर. मी सरांशी बोलतो." ते बराच वेळ त्या रिकाम्या आसनाकडे बघत राहिले. त्यांना जायचं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मग म्हणाले, "न्हाई साहेब. जन्मभर ओझं न्हेलं. आता मी कुणाचं ओझं व्हायचं न्हाई." आग्रह करायला हवा होता, असं अजून वाटतं.

त्या पावसाळ्यात माळ बंद होता. माझ्या कंपनीत माणसं कमी केली आणि त्यांचं काम आम्हा उरलेल्यांवर आलं. तात्या आजारी आहेत हे कळूनही जायला महिना लागला. गुलटेकडीतल्या त्यांच्या खोलीत ते खाटेवर उशांना टेकून बसलेले होते. मला पाहून म्हणाले, "बघा. बसलो शेवटी." मग म्हणाले, "तुम्ही लय दमलाय साहेब." त्यांच्या त्या अवस्थेत त्यांना ते दिसलं याची मला लाज वाटली. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला.

मुलानं शववाहिनी बोलावली होती. मार्केट यार्डातले त्यांचे जुने सोबती आले होते, सगळे साठी-सत्तरीचे. त्यातल्या एकानं गाडी परत पाठवायला लावली. "हरिबानं जन्मभर गाड्या भरल्या. त्याला गाडीत भरायचं न्हाई." पेंडसे सर एका बाजूला उभे होते. माझ्या कानाशी म्हणाले, "त्याची कंबर मला पहिल्या वर्षापासून माहीत होती, वानखेडे. तुम्ही सगळे इंजिन घेऊन उठायला कसे शिकलात, तेही मी बघत होतो." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले.

तीन खांदे हमालांचे होते. चौथा मुलाचा. अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवली, तेव्हा मुलाला उभं राहवेना म्हणून त्याच्या जागी मी गेलो. आदल्या दोन रात्री मी झोपलो नव्हतो. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्ही राहू द्या, ऑफिसातली माणसं तुम्ही." मी खाली बसलो. आधी गुडघा. मग मान वर. मग श्वास.

आम्ही उठलो आणि चालायला लागलो. कुणी इशारा दिला नव्हता, पण माझ्यापुढे खांदा दिलेल्या म्हाताऱ्या हमालाचं आणि माझं पाऊल एकदमच पडत होतं. काही वेळानं त्यानं मान न वळवता विचारलं, "यार्डात कोणत्या गाळ्यावर हमालीला होता तुम्ही?"