उपवासात लग्न लागत नाही

कैतान मास्तर गेले तेव्हा त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या उपासनेला, चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एकेक जण माईकवर येऊन त्यांच्याबद्दल चांगलं तेवढंच सांगत होता. मीही गेले. मास्तरांनी मला पावसात सायकलवर बसवून घरी कसं पोचवलं होतं ही गोष्ट सांगितली, लोक हसले, मी खाली येऊन बसले. २००६ सालच्या उपवासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. घरी येईपर्यंत मला स्वतःचाच संताप आला होता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मूळचे वसईकडचे, आणि नारपोलीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर. लूम बिघडला की तो उघडून दुरुस्त करायचा हे त्यांचं काम. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे कानाने कमी ऐकायचे आणि म्हणून साऱ्या जगाशी ओरडून बोलायचे. शिफ्ट सुटली की हातावरचं ग्रीस पुसून ते थेट चर्चमध्ये. तिथे ते धर्मशिक्षक होते, चोवीस वर्षं, बिनपगारी. पोरांना प्रार्थना शिकवणं, लग्नाचे कागद बघणं, मयताला पेटीची सोय करणं, सगळं त्यांच्याच अंगावर. मी नारपोलीत बालवाडी चालवायचे आणि रविवारी मास्तरांच्या हाताखाली धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे. ते मला ‘ललिताबाय’ म्हणायचे आणि उठता बसता माझ्या चुका काढायचे.

भिवंडीत आम्ही ख्रिस्ती मूठभर. काही वसई-ठाण्याकडून कामधंद्याला आलेली घरं, काही केरळच्या नर्सेस, आणि दिवाळीनंतर शेलारच्या पलीकडे वीटभट्ट्यांवर उतरणारी आदिवासी कुटुंबं. त्यांचे आईबाप जव्हारकडच्या मिशनात ख्रिस्ती झालेले. ही माणसं पावसाळ्यात आपल्या पाड्यावर असत आणि उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकांवर. भट्टीचा टेम्पो त्यांना रविवारी आणून सोडायचा.

राखेचा बुधवार आला की मास्तरांच्या अंगात वारं शिरायचं. ईस्टरपर्यंतचे उपवासाचे चाळीस दिवस म्हणजे जणू त्यांच्या एकट्याच्या अखत्यारीतला मामला. लूमवरचं कोरं कापड जांभळं रंगवून आणायचे आणि सगळ्या मूर्ती स्वतः शिडीवर चढून झाकायचे. वेदीवर फूल दिसलं की उचलून बाहेर. एकदा पेटी वाजवणाऱ्या पोराने चुकून आलेलुया धरला, जो उपवासात म्हणायचा नसतो, तर मास्तरांनी भर मिस्सेत खाडकन पेटीचं झाकण लावलं. पोराची बोटं थोडक्यात वाचली. आम्हाला हसू यायचं, पण हसायची हिंमत नव्हती. माणूस स्वतः चाळीस दिवस एका वेळच्या पेजेवर राहायचा, मग त्याला बोलणार कोण?

त्या वर्षी आमचे फादर नवे होते. फादर लिगोरी, मंगळूरकडचे, वयाने पस्तिशीचे, मराठी जेमतेम. मिस्सा वाचून म्हणायचे, बाकी कारभार हिंदीत. त्यामुळे लोकांचं काहीही गाऱ्हाणं असलं तरी ते आधी मास्तरांकडे जायचं, आणि पुढे न्यायचं की नाही हे मास्तर ठरवायचे.

गंगू आली ती उपवासातल्या चौथ्या शुक्रवारी. ‘क्रुसाची वाट’ ही शुक्रवारची प्रार्थना आटोपून मी पुस्तिका गोळा करत होते. गंगूला मी चेहऱ्याने ओळखत होते. तिचा माणूस धाकल्या, तीन पोरं, आणि दोघांच्या संसाराला चौदा वर्षं झालेली, पण लग्न लागलेलं नाही. त्यांच्यात हे चालतं. आधी संसार मांडायचा आणि पाड्याला जेवू घालायची ऐपत आली की मग लग्न. धाकल्याची ती ऐपत कधी आलीच नाही, आणि गुपचूप लग्न लावून पाड्यात तोंड दाखवायची त्याला लाज वाटायची. चर्चच्या लेखी मात्र ही दोघं लग्नाविना राहणारी, म्हणून दोघांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, बंद. चौदा वर्षं सगळी माणसं रांग धरून वेदीकडे जायची आणि ही दोघं मागच्या बाकावर बसून राहायची.

“मास्तर, मानसाला बरा न्हाय,” गंगू म्हणाली. “टीबी हाय. गोल्या चालू हायत, पन आता चालवत न्हाय त्याला. आमचा लगीन लावा.”

“आत्ता आठवण झाली?” मास्तर ओरडले. तिच्यावर चिडले नव्हते, त्यांचा आवाजच तसा.

“जेवन-बिवन न्हाय झाला तरी चालंल म्हनतो. त्याला तो पांडरा परसाद खायाचा हाय. मरायच्या आदी एकदा, असा म्हनतो.”

मास्तरांचा चेहरा एकदम खुलला. चौदा वर्षं ते याच गोष्टीसाठी दोघांच्या मागे लागले होते. “लावू की! झकास लावू. पण ईस्टर झाल्यावर. उपवासात लग्न लागत नाही, गंगू.”

“तवर...”

“अगं, चार आठवडे. माझं स्वतःचं लग्न उपवासामुळे दोन महिने पुढे गेलं होतं, मी काय मेलो का? ईस्टरनंतर पहिल्या रविवारी तुमचा नंबर. साक्षीदार मी. पोरांना कपडे मी आणतो. पाड्याला नाही, पण भट्टीवरच्या सगळ्यांना पाव आणि मटण, माझ्यातर्फे.”

आणि ते खरंच करणार होते. त्यांनी तिथल्या तिथे बोटांवर माणसं मोजायला सुरुवात केली. गंगू मान हलवत राहिली. मी म्हटलं, “मास्तर, फादरना एकदा विचारलं तर?”

“फादरना काय विचारायचं यात? ललिताबाय, नियम तो नियम. फादर आले म्हणून पंचांग बदलतं का?”

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, की उपवासात लग्न लागत नाही. लहानपणापासून तेच ऐकलेलं. पण माणूस मरायला टेकलाय हे मीही ऐकलं होतं, आणि फादरांचं दार तिथून वीस पावलांवर होतं. मी पुस्तिका कपाटात ठेवल्या आणि घरी गेले.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, धाकल्या स्वतः आला. टेम्पोतून त्याला दोघांनी धरून उतरवलं. पूर्वी हा माणूस डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढायचा. आता सदऱ्यात नुसती हाडं होती. झावळी हातात धरवेना, म्हणून पोरीने त्याच्या मांडीवर ठेवली. मिस्सा सुटल्यावर तो मास्तरांना म्हणाला, “मास्तर, सा दिस ऱ्हायले ना?”

“सहा नाही, सात. ईस्टर झाला की आठवड्याने तुझं लग्न. म्हणजे चौदा धर.”

धाकल्याने मास्तरांकडे बघितलं. “चौदा लय व्हतात,” एवढंच म्हणाला.

मास्तरांना वाईट वाटलं असणार, कारण त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं की पवित्र गुरुवारी येशूच्या शिष्यांच्या आठवणीत ज्या बारा जणांचे पाय धुतले जातात त्यात धाकल्या बसेल. दरवर्षी त्या बारा खुर्च्यांसाठी गावात रुसवेफुगवे व्हायचे. आजवर एकाही भट्टीवाल्याला तिथे जागा मिळाली नव्हती. मास्तरांनी एका वसईकराचं नाव खोडलं, त्याचा राग ओढवून घेतला आणि धाकल्याला बसवलं. मला त्या दिवशी मास्तरांचा अभिमान वाटला होता.

गुरुवारी संध्याकाळी धाकल्या शेवटच्या खुर्चीवर बसला होता. पाय सुजून टम्म झालेले, टाचा भट्टीच्या राखेने फाटलेल्या. फादर गुडघ्यांवर टेकले, पाणी ओतलं, पाय पुसले, आणि बाकीच्यांपेक्षा त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. त्यांनी हिंदीत काहीतरी विचारलं. धाकल्याला खोकला आला. मास्तर शेजारीच घंगाळं धरून उभे होते. ते म्हणाले, “टीबी है, फादर. दवा चालू है.”

पुढे कम्युनियनची वेळ झाली. अकरा जण उठून रांगेत गेले. धाकल्या बसून राहिला. फादरांना वाटलं, याला उठवत नाही. म्हणून सगळ्यांचं झाल्यावर ते कम्युनियनचं पात्र घेऊन स्वतः वेदीच्या पायऱ्या उतरले आणि त्याच्या खुर्चीपुढे येऊन उभे राहिले. धाकल्याने तोंड उघडलं.

मास्तरांनी मधे हात घातला. ओरडले नाहीत, एरवी ओरडणारा माणूस तेव्हा बोललासुद्धा नाही. फक्त फादरांकडे बघून मान हलवली, नाही. नवा माणूस, भर मिस्सा, दोनशे डोळे. फादर क्षणभर घुटमळले आणि परत फिरले. धाकल्याने तोंड मिटलं. मागच्या बाकावर गंगू उभी राहिली होती, ती पुन्हा खाली बसली.

मी तिसऱ्या बाकावर होते. मला सगळं दिसलं.

शनिवारी सकाळी भट्टीवरचा नामा सायकल मारत चर्चच्या आवारात आला. पहाटे धाकल्या गेला होता. ईस्टरसाठी आम्ही बायका मांडवात झेंडूच्या माळा ओवत बसलो होतो, कारण फुलांवरची बंदी त्या रात्री उठायची होती. मास्तर फादरांना सांगायला गेले. फादर बाहेर अंगणातच भेटले.

“वो पैर धोनेवाला?” फादरांनी विचारलं. “उसने कम्युनियन क्यों नहीं लिया, मास्टरजी?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. लग्न नव्हतं, मागायला आले होते, पण उपवास चालू होता, ईस्टरनंतरची तारीख दिली होती. सांगताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण आपण चुकलो असं काही नव्हतं.

फादर काहीतरी हळू बोलले.

“क्या?” मास्तरांनी कानाला हात लावला.

फादरांना दुसऱ्यांदा तेच मोठ्याने म्हणावं लागलं, आणि मांडवातल्या आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. “मरनेवाले का कभी भी होता है! लेंट के उपवास में, गुड फ्रायडे को भी! खटिया पर, पाँच मिनट में! वहीं शादी, वहीं कन्फेशन, वहीं कम्युनियन! मैं रोज यहीं तो था, मुझे बताया क्यों नहीं?”

 मास्तर म्हणाले, “मेरे को मालूम नहीं था, फादर.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्यातल्या एकीने माळेची गाठ मारली, दुसरीने सुई मागितली. 

दुपारी धाकल्याला पुरलं. त्या दिवशी मिस्सा नसते, घंटाही वाजत नाही, त्यामुळे नुसत्या प्रार्थना झाल्या. खड्डा मास्तरांनी खणवून घेतला, पेटी मास्तरांनी आणली, खांदाही दिला. गंगूपाशी गेले नाहीत. तिच्या पोरांना घेऊन मीच उभी होते.

ईस्टरच्या सकाळी भट्टीचा टेम्पो नेहमीसारखा आला. गंगू येईल असं वाटलं नव्हतं, पण ती आली, पोरांना घेऊन. मूर्तींवरचं जांभळं कापड उतरलेलं, वेदीवर फुलंच फुलं, पेटीवाल्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता. मिस्सेआधी फादर कुमसाराला, म्हणजे पापं ऐकायला, बसले होते. मास्तर माझ्याजवळ आले. रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, “ललिताबाय, चला माझ्याबरोबर.”

आम्ही गंगूच्या बाकापाशी गेलो. मास्तर वाकले आणि जेवढ्या हळू बोलता येईल तेवढ्या हळू म्हणाले, “गंगू, फादर बसलेत. जा, कुमसार करून घे. आज तुला कम्युनियन घेता येईल. आता काही अडचण नाही.”

नियम अगदी बरोबर होता. माणूस मेला, म्हणजे लग्नाविना राहणं संपलं. चौदा वर्षांची अडचण शनिवारी दुपारी मातीत गेली होती. मास्तरांना तिला काहीतरी द्यायचं होतं आणि त्यांच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गंगूने वर बघितलं. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

“तो व्हता तवा मी पापी व्हते, मास्तर. तो मेला तं मी चांगली झाले?”

मग तीच पुढे म्हणाली,

“तो काय माजा पाप व्हता का? त्याला इसरून मी न्हाय खानार. तुमी खा.”

तिने पोरांना जवळ ओढलं आणि समोर बघत बसली. पुढच्या हंगामात ती भिवंडीला आली नाही, त्यानंतरही कधी नाही.

त्या दिवशी कम्युनियनच्या वेळी मास्तर रांगेत गेले नाहीत. पुढे तीन वर्षं जगले. मूर्ती झाकल्या, पोरांना शिकवलं, मयताच्या पेट्या आणल्या, पण रांगेत कधीच गेले नाहीत. फादरांनी हात जोडून समजावलं, कुमसार झालं, क्षमा झाली, आता घ्या. ते म्हणायचे, “त्याने तोंड उघडलं होतं, फादर.” आजारात फादर कम्युनियन घरी घेऊन आले तेव्हाही त्यांनी ओठ मिटून मान हलवली आणि तसेच गेले.

मी मात्र त्या ईस्टरला गंगूच्या बाकापासून सरळ रांगेत जाऊन उभी राहिले. माझी पाळी आली, मी तोंड उघडलं आणि घेतलं.