टॉवेलाखालचा हात

आमच्या अख्ख्या भावकीत टॉवेलाखाली हात गेलेली बाई मी एकटीच. हे मी कुणालाही सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

टॉवेल म्हणजे बैलबाजारातला. माझं माहेर कुंडलचं. दादा, म्हणजे माझे वडील, खिलार बैलांचे शौकीन. दहा वर्षांची असताना हट्ट करून मी त्यांच्याबरोबर आटपाडीकडच्या बाजाराला गेले होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून काय ते ठरवतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. ठरलं की टॉवेल काढून सगळ्यांदेखत टाळी द्यायची. आत नक्की काय चाललंय हे बघायचं म्हणून मी खुशाल टॉवेलाखाली हात घातला. दादांनी फाडकन हातावर मारलं. "बाईमानसाचा हात हितं नसतो गं!" सगळा बाजार खो खो हसला. बाई गं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढं मी नर्स झाले आणि सांगलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून माझे केस पिकले. गेल्या वर्षी तिथं एक हेडी दाखल झाला. हेडी म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारा माणूस. साठीचा, उंचापुरा, मिशीवाला. मी त्यांना मामा म्हणायचे. आयुष्यभर तंबाखू गालात धरून ठेवलेली, तिथंच गाठ झाली होती. कॅन्सरची. गाठ काढायलाच हवी होती, पण जबडा आवळून तोंडात जेमतेम एक बोट शिरत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भुलीच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं. नेहमी आम्ही आधी माणसाला झोपवतो, मग तोंडातून श्वासाची नळी घालतो. मामांना तसं झोपवलं असतं तर घसा सैल पडून श्वास अडला असता आणि तोंड उघडत नाही म्हणून नळीही घालता आली नसती. मग उरतात थोडीच मिनिटं. म्हणून नाक आणि घसा बधिर करायचा आणि माणूस जागा असतानाच नाकातून नळी घालायची. नळीच्या आत दोरीसारखी बारीक दुर्बीण, तिच्या टोकाला कॅमेरा. वाट सगळी पडद्यावर दिसते.

मामा ऐकून उठूनच बसले. "जागंपनी? आनि मला न्हाई सोसलं तर? नरड्यात नळी आसल्यावर थांबा म्हनू कसं? न्हाई जमायचं. घरला जातो मी."

"मामा, घरी गेलात तर गाठ काय तुमची वाट बघत बसणार आहे का?" मी म्हटलं.

"बसंल, न्हाई तर न्हाई. जनावरागत दाबून धरून घेनार न्हाई मी."

दारात मामी उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून मला म्हणाल्या, "आवं बाई, काय बी करा, पर त्येंना घरला धाडू नगा. सा महिने बी काढायचे न्हाईत वो." डॉक्टर हताश होऊन माझ्याकडं बघायला लागले. आणि मला राग आला. मामांचा नाही, त्या भीतीचा. एवढा बाजार गाजवलेला माणूस, आणि आता बोलता येणार नाही म्हणून मरायला निघालाय!

मी ट्रॉलीवरचा हिरवा टॉवेल उचलला. "मामा, बाजारात भाव तोंडानं बोलता काय?"

मामांनी टॉवेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हात माझ्या हातात. वर टॉवेल. एक बोट दाबलं की जिथं असेल तिथं थांबायचं. मूठ दाबली की चालू द्यायचं. मी बघते कोण पुढं जातंय ते."

"बाईमानसाचा हात टॉवेलाखाली..." मामा पुटपुटले.

"मग जा घरी!" मी अशी कडाडले, की डॉक्टरसुद्धा दचकले.

मामांच्या मिशा हालल्या. तोंड उघडत नव्हतं, तरी ते हसले. "शिस्टर, तुमी लय खट हाय." आणि हात पुढं केला. तेवढ्यावर मी भागवलं नाही. डॉक्टरांनाही सर्वांसमोर विचारलं, "सर, मी थांबा म्हटलं की थांबणार ना?" ते म्हणाले, "थांबणार."

थिएटरात मामांना अर्धवट बसवलं. वाफ दिली, नाकात औषध सोडलं, दुसऱ्या नाकपुडीत ऑक्सिजन लावला. मी डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले. टॉवेलाखाली मामांचा हात थंडगार, तळव्यावर बैलांच्या कासऱ्याचे जुने घट्टे. डॉक्टरांनी दुर्बीण आत घेतली. पडद्यावर गुलाबी, ओली वाट सरकू लागली. मूठ दाबली गेली, मी म्हटलं, "चालू द्या." पुन्हा मूठ. "चालू द्या." स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसायला लागल्या, श्वासाबरोबर उघडमीट करत होत्या.

तेवढ्यात मामांना जोराचा ठसका लागला आणि माझ्या तळव्यात एक बोट रुतलं.

"थांबा!"

"सिस्टर, अगदी दारात आलोय," डॉक्टर म्हणाले. मागून सर्जनसाहेब म्हणाले, "अहो, समोर दिसतंय की. ढकला आत."

इतक्या वर्षांत मी सर्जनला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "साहेब, शब्द त्यांना दिलाय. तुम्हाला नाही."

भुलीच्या डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी दुर्बिणीतून बधिर करायचं औषध आणखी सोडलं. आम्ही वाट बघत बसलो. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते मी दुसऱ्या हातानं पुसलं. ठसका शमला. बोट मात्र तसंच रुतलेलं. मी तशीच हात धरून बसले. टॉवेलाखाली घाई करायची नसते, एवढं मला लहानपणी दादांच्या एका फटक्यात कळलं होतं.

मग बोट सैल झालं आणि मूठ वळली. घट्ट.

"चालू द्या."

मामांनी लांब श्वास घेतला, पट्ट्या उघडल्या, दुर्बीण आत गेली आणि तिच्यावरून नळीही. मॉनिटरवर श्वासाची लाट उमटली, एक, दोन, तीन. मामांनी काहीतरी बोलायला ओठ हलवले, पण आवाज उमटला नाही. नळी जागेवर बसल्याची ती खूण.

"आता झोपवू का?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी बोट दाबलं नाही आणि मूठही वळली नाही. त्यांनी हात टॉवेलाखालून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर पंजा उघडून धरला. कुणाला काही कळेना. मला कळलं. मी त्या पंज्यावर टाळी दिली, अशी की थिएटरात आवाज घुमला. मग डॉक्टरांनी औषध सोडलं आणि मामांचा हात माझ्या हातात हळूहळू सैल पडला. मी खरं सांगते, मला रडू आलं, आणि ते लपवलंही नाही.

गाठ पुरी निघाली. मामा पायांनी चालत घरी गेले.

त्या रविवारी मी कुंडलला गेले. दादा आता नव्वदीला टेकलेत, ओसरीवर खाटेवर असतात. मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं डुलकी लागली.

"टाळी तू मागितलीस का त्यानं?" दादांनी एकदम विचारलं.

"त्यानं."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, उलटासुलटा करून बघितला. लहानपणी जिथं फटका मारला होता तिथं अंगठा फिरवला. आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून आईला हाक मारली, "आगं ए, आइकलंस का? हेड्यानं आपल्या पोरीकडं टाळी मागितली!"