चोडणच्या मानशीचं दार

माझ्या पोस्टी वाचणाऱ्यांना माहीत आहे, चूक दिसली की मला राहवत नाही.

कोल्हापूरचा मेहुणा आलाय म्हणून आज गाइडसोबत चोडण बेट बघितलं. मी डिचोलीचा, बेट घरापासून अर्ध्या तासावर. गाइड बाई तिथल्याच, पन्नाशीच्या.

खाजनशेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या खारट जमिनीतल्या शेतीच्या, बांधावर त्यांनी मानस दाखवली. खारं पाणी शेतात येऊ न देणारं लाकडी दार. "भरती आली की आपोआप बंद होतं," त्या म्हणाल्या.

मी गटातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक. माणसाने बंद करावं लागतं. मी वाचलंय."

लोक बाईंकडे संशयाने बघायला लागले.

"भाऊ, माझा बापूय हीच मानस सांभाळायचा. जरा रावा, भरती लागलीच."

मेहुणा म्हणाला, "दाजी, तिकीट काढलंय न्हवं, ऐका की."

घड्याळ लावून थांबलो. अकराव्या मिनिटाला नदीच्या पाण्याने दाराच्या दोन्ही फळ्या ढकलून मिटवल्या. कुणाचा हात लागला नाही.

मी तिथेच माफी मागितली. "जाता तसं," म्हणजे होतं असं, एवढंच म्हणून बाई पुढे चालायला लागल्या.

पुस्तकं वाचून स्वतःच शिकलो, त्याचा अभिमान आहे. पण आजवर ज्यांना अडवलं, त्यातले किती जण बरोबर असूनही गप्प बसले? इथे कुणी असाल तर आज बोला. मी ऐकतोय.