बोल्टखालचा काळा रंग

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, चार जाड चाकांच्या मोटरसायकलवर बसून शेतात जातात, असं आमच्या सदाशिव पेठेत सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघतात आणि मग विषय बदलतात. पण ते खरं आहे. त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय. खालच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि शेत म्हणून उरला तो टेकडीच्या उतारावरचा सीताफळांचा तुकडा. व्याह्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. चढण चालवत नाही, दुचाकी तोलवत नाही. म्हणून जावयाने एका बंद पडलेल्या कृषी पर्यटन केंद्रातून ही गाडी आणली. दिसायला खेळण्यासारखी आहे, पण खडकाळ वाटेवर बिनतक्रार चढते. घरात सगळे तिला घोडं म्हणतात.

या घोड्याला किक नाही. बटण दाबायचं, सेल्फ लागला तर निघायचं, नाही लागला तर उतरायचं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो लागेनासा झाला. बटण दाबलं की नुसतं 'टक्'. जावयाचा फोन आला. "बाबा, रविवारी संध्याकाळी एक जण गाडी न्यायला येतोय. आहे तशी घेतो म्हणाला. या वयात अण्णांना वर जायची गरज काय? बाग कुणाला तरी करायला देऊ." मग मुलीने फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, अण्णा काही बोलत नाहीत. पण जेवतही नाहीयेत नीट. तुम्ही एकदा बघा ना."

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमधून निवृत्त झालो. मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे वर्षानुवर्षं मुलांना ओरडून सांगितलं. शनिवारी सकाळी व्याह्यांच्या अंगणात पोचलो आणि मीटर पिशवीतच ठेवून जाहीर केलं, "बॅटरी गेलीय."

नवी बॅटरी आणली, बसवली. टक्.

"मग स्टार्टरच्या मोटरमधले कार्बन झिजलेत," मी म्हणालो. हेही न मोजताच. दिवे लख्ख लागत होते, हॉर्न वाजत होता, पण मला शंका म्हणून आली नाही. स्टार्टरची मोटर सोडवून पिशवीत घातली आणि नारायण पेठेतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने ती टेबलावर धरून थेट बॅटरीला जोडली. मोटर गरगर फिरली.

"काका, ही ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आता तुम्हाला काय होतंय ते सांगा."

मला राग आला. पुण्यात असली वाक्यं बोलायची सवय मला आहे, ऐकायची नाही. हट्टाने कार्बन बदलून घेतले आणि घरी आलो.

रविवारी दुपारी मोटर परत बसवली. टक्. व्याही बाजूला उलट्या क्रेटवर चहाची कपबशी घेऊन बसले होते. दोन दिवसांत त्यांनी मला एकदाही घाई केली नव्हती. नजर मात्र सारखी टेकडीकडे जात होती.

"पाव्हणं, ऱ्हाऊ द्या आता. लई केलं तुमी," ते म्हणाले. "येवडंच की, फळांचं डोळं उघडल्यात. दोन दिसांत तोडली न्हाईत, तर पाखरं खात्याल."

एवढंच म्हणाले आणि कपबशी खाली ठेवली. पाय लांब करताना त्यांनी गुडघ्याला दोन्ही हातांनी धरलेलं मी पाहिलं. गाडी गेली तर हा माणूस उद्यापासून अंगणात असाच बसून राहणार, हे मला तेव्हा कळलं. मी निमूटपणे मीटर बाहेर काढला.

एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या अंगाला. व्याह्यांना बटण दाबायला सांगितलं. या दोन जागा जाड काळ्या वायरने, गाडीच्या सांगाड्यामार्फत, जोडलेल्या असतात, त्यामुळे काटा शून्यापाशी राहायला हवा. तो सपकन वर गेला. म्हणजे बॅटरी चांगली, मोटर चांगली, पण मोटरमधून गेलेला करंट परत यायला पुरेशी वाट नाही. दिव्याला आणि हॉर्नला पुरेल एवढी फट होती, सेल्फला पुरत नव्हती.

मी ती काळी वायर बोटाने चाचपत गेलो. सीटखाली ती एका बोल्टने सांगाड्याला आवळलेली होती. बोल्ट सोडला. वायरच्या कडीखाली काळाभोर, गुळगुळीत ऑइलपेंट होता.

तो मी लावला होता.

खंडेनवमीला त्यांच्याकडे सगळ्या अवजारांची आणि गाड्यांची पूजा असते. मला आग्रहाचं बोलावणं होतं. घोड्याच्या सांगाड्यावर गंज दिसला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. पॉलिश पेपर मागवला, ब्रश मागवला, गुडघे टेकून दोन हात दिले. काम नीटनेटकं व्हावं म्हणून मध्ये येणारे बोल्ट सोडले आणि त्यांच्याखालची जागाही रंगवली. सगळ्यांनी कौतुक केलं. मुलीने फोटो काढला. वायरची कडी जिथे टेकते तो लोखंडाचा भाग उघडाच ठेवायचा असतो, हे मी स्वतः फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे.

पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला. व्याह्यांनी बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं.

जावई घरातून धावत आला. "काय झालं होतं?"

"गंज होता," मी म्हणालो.

माझ्या पायजम्यावर काळ्या रंगाचे कपटे पडले होते, ते व्याह्यांनी हाताने झटकले. मग मुलाला म्हणाले, "त्या मानसाला फोन कर. यिऊ नगं म्हनावं." आणि मला म्हणाले, "बसा मागं. वर जाऊन येऊ."

क्रेट बांधून आम्ही निघालो. पहिल्या वळणावर वाटेच्या कडेला एक सपाट दगड दुसऱ्या दोन दगडांवर मांडलेला दिसला. थोडं वर गेल्यावर तसाच दुसरा. मग तिसरा.

"हे कशासाठी?" मी मागून विचारलं.

"बसाया," ते म्हणाले. "घोडं बंद पडल्यापासनं चालत येत हुतो न्हवं. एका दमात गुडघा आयकत न्हाई. पोरास्नी सांगू नका, वरडत्याल."

चौथ्या दगडापाशी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं. मी खाली उतरलो आणि बोललो. गंज नव्हता, रंग होता, आणि तो माझाच होता. बोलताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनंच. त्याच दिसापासनं कुरकुर कराया लागलं की ते."

"अहो, मग बोलला का नाहीत? बॅटरी बदलली, मोटर उचकटली, गाडी विकायला निघाले हे लोक!"

व्याह्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. "सूनबाईचा बाप आमच्या अंगनात गुडगं टेकून रंग लावतोय, दोन तास. त्याला आसं कसं म्हनायचं, तुमच्या रंगानं बिघडलं म्हून? पोरीला काय वाटलं आसतं?"

जन्मभर मी समोरच्याची चूक त्याच्या तोंडावर सांगितली आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हटलं. हा माणूस त्या गुडघ्याने इतके दिवस टेकडी चढला, पण माझी चूक त्याने तोंडातून बाहेर काढली नाही. मला लाज वाटली, आणि त्या दगडावर मी बसलो तो बराच वेळ बसून राहिलो.

त्यांनीही घाई केली नाही. नंतर ते सीटवर थोडे मागे सरकले आणि पुढची जागा हाताने थोपटली.

"या, पाव्हणं. आता तुमी मारा सेल्फ."