माळवदाच्या कडेचं लाकूड

पुतित आबीला, म्हणजे पुतित आजीला, एक ओंडका दिला की ती त्यावर दोन दिवस काढते, असं आमच्या बर्फातल्या गावात म्हणतात. लोक चिमटा काढतात, पण आबीला ते कौतुकच वाटतं. सकाळी वाळुंजाच्या दोन काटक्या, वर शेण्या. बुखारी, आमची लोखंडी शेगडी, तापली की धुराड्याची झडप जवळजवळ बंद. झोपताना निखारे राखेत असे पुरायचे, की सकाळी काडेपेटी लागू नये. हिवाळाभर सगळं घर एकाच खोलीत. कुणाला जास्तीचा चहा हवा असेल तर त्यानं शेजारी जावं, असं ती हसत हसत पण अगदी मनापासून सांगते.

एका लाकडाला मात्र तिनं पन्नास वर्षांत हात लावला नव्हता. माळवदाच्या कडेनं रचलेली फांद्यांची उंच ओळ. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला शिडीनं वर नेऊन बजावलं होतं, "हे दाखवायचं लाकूड, जाळायचं नाही. हे संपलेलं दिसलं की लोक म्हणतात, घर बसलं." गावात प्रत्येक माळवदावर अशी ओळ असते, आणि येणारा-जाणारा मान वर करून ती मापतोच.

यंदा थंडी हटेना. त्यात जानेवारीत सून कुनझेसला मुलगी झाली. बाळंतिणीसाठी बुखारी दिवसभर पेटती हवी. आबीचं सगळं कसब पणाला लागलं, तरी फेब्रुवारी सरायच्या आत खालचं लाकूड संपलं आणि शेण्याही तळाला गेल्या. त्या सकाळी नातीचे पाय हाताला गार लागले.  आबी उठली आणि शिडीकडे निघाली.

"आमा-ले, वरचं लाकूड काढताय?" कुनझेस घाबरली. "लोक काय म्हणतील! मी माहेरी निरोप धाडते."

"तुझ्या माहेरचं लाकूड येईस्तोवर ही शाळेत जायला लागेल. तू पाज तिला."

वर गेल्यावर मात्र हात अडला. सासूनं रचलेली ओळ ती. आबीनं डोळे मिटून एक फांदी ओढली, आणि निम्मी ओळ धडाधड खाली गल्लीत कोसळली! समोरच्या माळवदावर शेजारचे आजोबा, मेमे मोरूप, बर्फ लोटत होते. त्यांना कळलं म्हणजे गावाला कळलं. ते फावडं टेकून बघतच राहिले.

"आबी-ले, घर बसलं की काय?"

आबीचे कान तापले. पण आज ती खाली बघणार नव्हती. "नात गारठलीय माझी! सासूबाईंना काय ते उत्तर मी देईन. तुम्ही कोण विचारणारे?"

मेमेंनी फावडं बाजूला ठेवलं. मग वाकून त्यांनी स्वतःच्या ओळीतली फांदी उपसली.

"केली बुवा कुणीतरी सुरुवात!" ते ओरडले. "तीन आठवडे मी अन् म्हातारी एका पांघरुणात कुडकुडतोय, तुमच्या भीतीनं!"

"माझ्या? अहो, मी तुमच्या जिभेला भीत होते!"

दोघं आपापल्या माळवदावर पोट धरून हसत सुटले. दुपारपर्यंत आणखी सात घरांनी आपल्या ओळी मोडल्या. गल्लीतलं लाकूड मेमेंनीच उचलून आत आणलं. पन्नास वर्षं वाळलेलं ते, ठिणगी लागताच पेटलं. खोली इतकी उबदार झाली की कुनझेसनं मुलीला लोकरीतून मोकळं केलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच ती उघड्या पायांनी लाथा झाडायला लागली. आबीनं ते दोन्ही गरम तळवे आपल्या गालांना लावले आणि मेमेंच्या देखत खुशाल रडली.